जाहिरातीत चेहरा दिलात, आता नावही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक. पूर्वी गिरगावात वडिलांच्या दुकानात यायचा तो पेपर, आता जर्सी सिटीत फोनवर ई-पेपर, पण सकाळी चहाबरोबर आधी आपला पेपर आणि मग बाकी सगळं, हे काही तीस वर्षांत सुटलं नाही. पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर कापा, पण नावांबद्दल जे लिहिलंय तेवढं कृपा करून ठेवा.

२०२५ च्या शेवटी फोर्टात, हॉर्निमन सर्कलच्या जवळ, पॅरिसचं गॅलरी लाफायेत हे मोठं दुकान उघडलं त्याच्या बातम्या मी अगदी फोटो मोठे करून करून वाचल्या. आदित्य बिर्लावाल्यांनी आणलंय, जुन्या दगडी इमारती नीट करून घेतल्यात, आणि मला त्याचं खरंच बरं वाटलं कारण त्या रस्त्यानं मी वडिलांबरोबर अस्तराचं कापड आणायला जायचे. आता असं दुकान आलं म्हणजे जाहिरातीही येणार, मोठमोठ्या, पहिलं पान भरून, आणि कधी ना कधी कुणीतरी म्हणणारच की यावेळी नट-नट्या नकोत, चित्रकार घेऊया, डान्सर घेऊया, कवी घेऊया, क्रिएटिव्ह लोक घेऊया. ही कल्पना नवीन नाही आणि वाईट तर मुळीच नाही. न्यूयॉर्कमध्ये एका दुकानानं ती वर्षानुवर्षं केली, चांगलीही केली आणि तिथंच चुकलेही, आणि ते सगळं होत असताना मी तिथून थोड्याच ब्लॉक लांब बसून पँट्सना हेम घालत होते, म्हणून सांगते.

ते दुकान म्हणजे बार्नीज. १९२३ मध्ये बार्नी प्रेसमन नावाच्या माणसानं सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू आणि सतराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सुरू केलं, बायकोची साखरपुड्याची अंगठी गहाण ठेवून पाचशे डॉलर उभे केले असं सांगतात. सुरुवातीला स्वस्तातले पुरुषांचे सूट विकायचे, म्हणजे आपल्याकडे रेडिमेडचं दुकान असतं तसंच की. मग मुलगा फ्रेड आला, त्यानं हळूहळू माल बदलला, १९७६ मध्ये अर्मानी अमेरिकेत आणला, आणि १९८६ ला शेजारच्याच जुन्या घरांमध्ये बायकांचं दुकान काढलं. त्यात आंद्रे पुतमान या फ्रेंच डिझायनर बाईंनी केलेला एक गोल फिरत जाणारा जिना होता. तो जिना लक्षात ठेवा.

मी १९९१ ला आले तेव्हा मला या दुकानाबद्दल सांगितलं ते आमच्या दुकानातल्या प्रेसवाल्यानं, म्हणजे इस्त्री करणाऱ्यानं. मी गारमेंट डिस्ट्रिक्टमध्ये एका छोट्या दुकानात ऑल्टरेशन करायचे, तो पोर्टो रिकोचा, वयानं मोठा, मला भाषा येत नव्हती तेव्हा मला सांभाळून घेणारा. त्याचा एक मित्र सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलमध्ये एड्सनं गेला होता. हे हॉस्पिटल बार्नीजपासून खाली पाच-सहा ब्लॉकवर, तेव्हाच्या न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या पेशंटला लोक हात लावायला घाबरायचे आणि तिथं त्यांच्यासाठी वेगळा वॉर्ड होता. तर नोव्हेंबर १९८६ मध्ये बार्नीजनं काय केलं, लिव्हाइसची साधी डेनिमची जॅकेटं घेतली, कलाकारांना आणि डिझायनरांना दिली आणि सांगितलं यावर काय हवं ते करा. अँडी वॉरहॉलनं केलं, बास्किआनं केलं, कीथ हेरिंगनं केलं. मग ती जॅकेटं घालून लोक त्या जिन्यावरून खाली उतरले, जॅकेटांचा लिलाव झाला आणि पैसे सेंट व्हिन्सेंटच्या त्या वॉर्डला गेले. मडोना पण उतरली, तिच्या अंगावर तिच्या मित्रानं, मार्टिन बर्गॉइननं रंगवलेलं जॅकेट होतं, तो स्वतः तेव्हा एड्सनं आजारी होता आणि त्याच महिन्याच्या शेवटी गेला. प्रेसवाला हे सांगताना इस्त्री बाजूला उभी करून ठेवायचा. म्हणायचा की आमच्या लोकांचं नाव घ्यायला तेव्हा कुणी तयार नव्हतं आणि इथे जॅकेटवर सही होती.

मला ते सहीचं लगेच कळलं, कारण मी शिंप्याची मुलगी आहे. आमच्या वडिलांचं दुकान होतं त्याची लेबलं होती, शर्टाच्या कॉलरच्या आत आणि पँटच्या पट्ट्याच्या आत शिवायची, लाल कापडावर पिवळ्या दोऱ्यानं विणलेलं नाव आणि खाली गिरगाव, मुंबई ४. ते लेबल लावायचं काम माझं. वडील म्हणायचे लेबल सरळ लाव, गिऱ्हाइकाला ते रोज पँट घालताना दिसतं. दुकानात काजं-बटणं करणाऱ्या दोघी बायका होत्या, त्यांचं नाव मात्र कुठेच नव्हतं हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि ती गोष्ट मला आता या वयात जास्त टोचते.

असो, तर बार्नीजच्या जाहिराती. नव्वदच्या दशकात तिथं जाहिरातींचं काम ग्लेन ओब्रायन हा लेखक माणूस बघायचा, जाँ-फिलिप देलोम नावाच्या फ्रेंच चित्रकाराची चित्रं असायची, चित्राखाली दोन ओळींची छोटीशी गोष्ट, किंमत नाही, सेल नाही, काही नाही. खिडक्या सायमन डूनन करायचे, नाताळात तर लोक नुसत्या खिडक्या बघायला यायचे, मी पण जायचे, पाथ ट्रेननं चौदाव्या रस्त्याला उतरायचं आणि चालत वर. आत जायची हिंमत मला पहिली दोन वर्षं झाली नाही.

१९९३ ला ते मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर मोठ्या दुकानात गेले, १९९६ ला दिवाळं काढलं, सतराव्या रस्त्यावरचं जुनं दुकान बंद झालं, मग मालक बदलत राहिले. ते सगळं सांगत बसत नाही.

मला ज्याबद्दल लिहायचंय ती जाहिरात २०१४ ची. जानेवारीच्या शेवटी आली. नाव होतं 'ब्रदर्स, सिस्टर्स, सन्स अँड डॉटर्स', म्हणजे भाऊ, बहिणी, मुलगे आणि मुली. सतरा ट्रान्सजेंडर माणसं, काळे-पांढरे फोटो, ब्रूस वेबरनं काढलेले. बार्नीजचे क्रिएटिव्ह डायरेक्टर तेव्हा डेनिस फ्रीडमन होते, त्यांची ही कल्पना. या सतरांत मॉडेल होते, नाचणारे होते, शिकणारी पोरं होती, व्हॅलेंटाइन द हिंग नावाची डच मॉडेल होती जी लिहितेही. कपडे महागडेच, त्यात काही लपवाछपवी नाही, पण फोटोत ही सतरा माणसं एकटी नव्हती, कुणाची आई जवळ होती, कुणाचे मित्र, कुणाचा कुत्रा. आणि पॅट्रिशिया बॉसवर्थ या चरित्रं लिहिणाऱ्या बाईंनी सगळ्यांशी बोलून प्रत्येकाची हकिकत लिहिली होती, ती कॅटलॉगमध्ये नावानिशी छापली. घरच्यांनी कधी सांभाळलं, कधी नाही, शाळेत काय झालं, असं सगळं. एका दिवसाच्या विक्रीतले दहा टक्के ट्रान्स लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला आणि न्यूयॉर्कच्या एलजीबीटी सेंटरला दिले.

मी तो कॅटलॉग आमच्या दुकानात एका गिऱ्हाइकानं विसरलेला पाहिला. जेवायच्या सुट्टीत डबा खाता खाता सगळा वाचला, आणि मला खरंच रडू आलं, कारण त्यातल्या एका फोटोत आई आपल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि कोटाच्या खांद्याचं फिटिंग एकदम बरोबर बसलं होतं. हे वाचून कुणाला विचित्र वाटेल पण ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावर टाचण्या लावल्यात त्याला विचारा, ज्या माणसाच्या मापाचं दुकानात काही मिळतच नाही त्याला नीट बसलेला कोट म्हणजे काय असतं. आमच्याकडे ट्रान्स गिऱ्हाइकं यायची. ट्रायल रूममध्ये जायला घाबरायची. खांदे रुंद आणि कंबर वेगळी, किंवा उलट, आणि मोठ्या दुकानातले लोक हसायचे म्हणून आमच्याकडे यायची. आम्ही माप घ्यायचो, बाकी काही विचारायचो नाही.

त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या सुप्रीम कोर्टानं 'नालसा' खटल्याचा निकाल दिला, तृतीयपंथीयांना कायद्यानं ओळख मिळाली. पुढे २०१७ ला आपल्या मूळच्या पुण्याच्या गौरी सावंत विक्सच्या जाहिरातीत दिसल्या, आई म्हणून, त्यांनी सांभाळलेल्या मुलीच्या तोंडून ती गोष्ट सांगितली होती, आणि इकडे माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर ती जाहिरात इतक्यांदा फिरली की विचारू नका. त्यातही जमलं कशामुळे, तर त्या 'एक तृतीयपंथी' नव्हत्या, गौरी सावंत होत्या. नाव होतं, घर होतं, पोर होतं.

आता दुसरी बाजू, ती सांगितली नाही तर मी खोटं लिहिलं असं होईल. ही जाहिरात येण्याच्या तीनच महिने आधी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, बार्नीजचंच नाव सगळ्या पेपरांत होतं. कॉलेजात शिकणारा एक एकोणीस वर्षांचा काळा मुलगा, त्यानं पैसे साठवून साडेतीनशे डॉलरचा पट्टा घेतला, स्वतःच्या कार्डानं, आणि दुकानातून बाहेर पडल्यावर पोलिसांनी धरलं, कार्ड खोटं असणार म्हणून. का, तर असा मुलगा असा पट्टा घेईलच कसा. मग एक काळी मुलगी पुढे आली, तिच्या बाबतीतही पर्स घेतल्यावर असंच झालेलं. दुकानाचं म्हणणं होतं की आमच्या माणसांचा त्यात हात नाही. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी चौकशी केली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये बार्नीजनं सव्वापाच लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं, दारावरच्या माणसांचं ट्रेनिंग आणि बाहेरचा तज्ज्ञ नेमणं वगैरे कबूल केलं.

म्हणजे बघा, एकाच वर्षात एकाच दुकानाची ही दोन्ही कामं. कॅटलॉगमध्ये सतरा माणसांना इतक्या मायेनं नावानिशी उभं केलं आणि दारात मात्र माणसाचा रंग बघितला गेला. मला जाहिरात खोटी वाटत नाही. ती करणाऱ्यांनी मनापासून केली असं मी आजही मानते. पण जाहिरात हे दुकानानं दिलेलं आमंत्रण असतं हो, आणि लग्नपत्रिका पाठवून पाहुण्याला दारात अडवलं तर पत्रिका किती सुंदर छापली होती याचं कौतुक कोण करणार.

हे मला स्वतःला झालंय म्हणून जास्त लागतं. नाव लिहीत नाही, दुकान दुसरंच होतं, मोठंच. मी कामावरून तशीच गेले होते, सलवार-कमीज, मनगटाला टाचण्यांची उशी तशीच राहिलेली. एका कोटाचं अस्तर हातानं लावलंय की मशीननं हे बघायला मी तो आतून उलटा केला, ही आमची सवय, आम्ही कपडा बाहेरून बघतच नाही. दोन मिनिटांत गार्ड माझ्या मागे. काही बोलला नाही, फक्त मी जिथं जाईन तिथं आला, बाहेर पडेपर्यंत. त्या दुकानाच्या खिडकीत तेव्हा 'हातांचं कौशल्य' अशा अर्थाची मोठी पाटी होती आणि हाताचे फोटो होते. हात माझ्यासारखेच होते. सुई धरून धरून तर्जनीला जो घट्टा पडतो तो मला फोटोत दिसला.

फोटो काढणाऱ्या ब्रूस वेबरबद्दलही एक ओळ लिहायला हवी. जानेवारी २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी दिली, पुरुष मॉडेल्सनी त्यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप केले, त्यांनी ते नाकारले. मी कोर्ट नाही, पण तेव्हापासून तो कॅटलॉग काढून बघताना मला कॅमेऱ्याच्या अलीकडे कोण उभं होतं हाही विचार येतो. तरीसुद्धा मी तो टाकला नाही, त्यातली सतरा माणसं आणि त्यांनी सांगितलेलं त्यांचं स्वतःचं आहे.

आणि हे फक्त तरुणांचं नाही. लंडनच्या सेल्फ्रिजेसनं जानेवारी २०१५ मध्ये 'ब्राइट ओल्ड थिंग्ज' म्हणून मोहीम केली, ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या खिडक्या म्हाताऱ्या कलाकारांना दिल्या. मॉली पार्किन, वेल्सच्या चित्रकार, ऐंशीच्या पुढच्या. सू क्राइट्झमन, आधी स्वयंपाकाची पुस्तकं लिहायच्या आणि मग उतारवयात चित्रं करायला लागल्या, नखशिखांत रंगीबेरंगी. माझ्या भाचीनं मला तिकडून फोटो पाठवले होते. साठीनंतर बाईनं फिक्या रंगाचं नेसावं हे आपल्याकडे न सांगता ठरलेलं असतं, ते फोटो बघून मी पुढच्याच आठवड्यात राणी रंगाचं कापड घेतलं आणि कमीज शिवलं.

बार्नीज आता नाही. मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूचं भाडं जवळपास दुप्पट झालं, ऑगस्ट २०१९ ला पुन्हा दिवाळं, नाव आणि बाकी मालमत्ता साधारण २७ कोटी डॉलरला विकली गेली, फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेतली दुकानं बंद. शेवटच्या सेलमध्ये कपड्यांबरोबर कपाटं आणि खिडकीतल्या बाहुल्याही विकायला होत्या. तो जिना मात्र राहिला. सतराव्या रस्त्याच्या त्या जागेत २००४ ला हिमालयातल्या कलेचं रुबिन म्युझियम आलं आणि त्यांनी जिना तसाच ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी फुकट असायचं म्हणून मी कामावरून जायचे, तारा आणि बुद्ध बघत बघत तो जिना चढायचे आणि मला प्रेसवाला आठवायचा. ते म्युझियमही तिथून २०२४ मध्ये गेलं.

आता मुंबईबद्दल. हे सगळं मी तुमच्या पेपरला का लिहितेय, तर त्या बार्नीजमधल्या, सेल्फ्रिजेसमधल्या, पॅरिसच्या दुकानांमधल्या कितीतरी ड्रेसवरचं भरतकाम मुंबईत होतं. मी ऑल्टरेशनसाठी आलेले गाऊन उसवलेत, आतल्या बाजूनं टाका बघितला की आरीचं काम कळतं, जरदोजी कळते. कारचोबावर, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटीवर, ताणलेलं कापड आणि दोन्ही बाजूला मांडी घालून बसलेले कारागीर, ही खोली मी लहानपणी वडिलांबरोबर पाहिलीय. ३० मार्च २०२३ ला दिओरनं गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला तेव्हा तिथं भलंमोठं तोरण उभं केलं होतं, मुंबईच्याच चाणक्य या भरतकामाच्या कंपनीच्या लोकांनी केलेलं, आणि निदान तेव्हा जगाला कळलं की हे काम इथं होतं. तेही कंपनीचं नाव. तोरणातला कुठला मोर कुणी भरला ते नाही कळलं.

आणि कोल्हापुरीचं तर ताजंच आहे. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली आपली चप्पल, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे, आणि जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानमध्ये दाखवली ती नुसती लेदर सँडल म्हणून. आपल्या लोकांनी आवाज केला, पत्रं गेली, मग त्यांनी मान्य केलं की ही प्रेरणा भारतातली, माणसं कोल्हापूरला आली, पुढे सरकारी चर्मोद्योग महामंडळांबरोबर करारही झाला. हे नाव मागितल्यामुळे झालं. मागितलं नसतं तर ती सँडलच राहिली असती.

म्हणून माझी विनंती फोर्टातल्या त्या दुकानाला आहे, आणि जे पुढे येतील त्यांनाही. क्रिएटिव्ह माणसं घ्या जाहिरातीत, नक्की घ्या, चित्रकार घ्या, लावणी करणारी घ्या, तमाशातला ढोलकीवाला घ्या, पण त्यांना मागचा पडदा करू नका. नाव मोठ्या अक्षरात, गाव, काय करतात ते, आणि बोलायला चार ओळी. पैसे द्या, एक्स्पोजर मिळेल म्हणून फुकटात नका उभं करू, आमच्याकडे बटणं लावणाऱ्या बायकांनाही सुट्टीचा दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी मिळायची. त्याच्याच शेजारी तो कपडा ज्यानं भरला त्या कारागिराचा फोटो घ्या, बिहारहून किंवा बंगालमधून येऊन मुंबईत बसलेला असेल तरी घ्या, तोही क्रिएटिव्हच आहे. आणि मग ज्या माणसांना फोटोत घेतलंत ती माणसं, त्यांच्या घरची माणसं, साध्या चपला घालून दुकानात आली तर कोट उलटा करून बघू द्या.

तुमच्याकडे पण एक मागणं आहे. पुरवणीत फॅशनचे फोटो छापता तेव्हा खाली फोटोग्राफर, मेकअप, दागिने, लोकेशन सगळ्यांची नावं असतात, त्यात शिवणाऱ्याचं नाव टाकायला एक ओळ लागते. दिवाळीच्या पुरवणीपासून सुरू करा. वडिलांची उरलेली लेबलं माझ्याकडे एका बिस्किटाच्या डब्यात आहेत, बहात्तर आहेत, मोजलीत. काजं-बटणं करणाऱ्या त्या दोघींची नावं मी भावाला फोन करून विचारली, एकीचं त्याला आठवलं, दुसरीचं आम्ही अजून शोधतोय. तेव्हाच्या गिरगावातलं कुणी हे वाचत असेल आणि सी. पी. टँकच्या बाजूच्या शिंप्याकडे काजं करायला येणारी, डाव्या हातानं सुई धरणारी बाई आठवत असेल, तर कृपया पेपरकडे कळवावं.

आपली एक वाचक,
जर्सी सिटी (मूळ गिरगाव)